तेल कोणतं वापरता?

नागपुरात सकाळी सात ते दहाच्या दरम्यान टपरीवर जे तर्री-पोहे मिळतात, तसे पोहे याच गावातल्या मोठ्या हॉटेलात पाचपट पैसे मोजूनही मिळत नाहीत. हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. पण असं का होतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. "टपरीची चवच वेगळी" एवढं म्हणून हात धुतो.

टपरीवाल्याचा दिवस आदल्या रात्रीच सुरू झालेला असतो. हरभरे भिजत पडलेले असतात. पहाटे तर्रीचं पातेलं चढतं आणि लोक यायला लागेपर्यंत हरभरा बोटाने दाबला तर मोडेल इतका शिजलेला असतो. पोहे मात्र आधीपासून करून ठेवता येत नाहीत. भिजवलेल्या पोह्यांना फार तर तासाभराचं आयुष्य असतं, त्यानंतर ते वातड होतात किंवा त्यांचा गोळा होतो. टपरीसमोर माणसं उभी असतात म्हणून एक घाणा पंधरा-वीस मिनिटांत संपतो, की लगेच दुसरा. दहा वाजता पातेली घासायला पडतात. उरलंसुरलं ठेवायला फ्रीज नसतो आणि उरतही काही नाही. हॉटेलात तेच पोहे शंभर-सव्वाशे पदार्थांच्या मेन्यूत एका ओळीत असतात. दिवसभरात ते किती जण मागतात? मग ते सकाळी करून ठेवायचे आणि मागणी आली की गरम करायचे. त्यावर कोथिंबीर भुरभुरून, शेजारी लिंबाची सुबक फोड ठेवून आणले, तरी दाताला कळायचं ते कळतंच.

म्हणजे टपरीची चव मसाल्यापेक्षा खपात जास्त आहे. जिथे केलेलं त्याच तासात संपतं तिथे खावं, ही बाहेर खाण्याबद्दलची माझी पहिली समजूत. तिचा पैशाशी थेट संबंध नाही, आणि मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते. महाग म्हणजे चांगलं असं नाही. पण नागपुरात अभिमानाने सांगितलं जातं तसं स्वस्त तेच चांगलं, असंही नाही. त्याच टपरीवर एका बादलीत बुडवून काढलेल्या प्लेटा मी पाहते. आलूबोंडा अजूनही कित्येक ठिकाणी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर हातात ठेवतात. छपाईच्या शाईत शिसं आणि इतर घातक द्रव्यं असू शकतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. आलूबोंडा गरम, वरून तेलकट, आणि शाई तेलात उतरते. दुकानदाराला साधा कोरा कागद परवडत नसेल, तर एक-दोन रुपये जास्त घ्यावेत. मी आनंदाने देईन, आणि तसं मी बोलूनही दाखवते.

माझ्या धाकट्या वन्सं मेडिकल चौकाच्या बाजूला मेस चालवतात. कॉलेजची पोरं, नर्सेस, आणि गोंदिया-चंद्रपूरकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक तिथे जेवतात. महिनाअखेरीस हिशेबाच्या वह्या घेऊन मी त्यांच्याजवळ बसते, कारण आकड्यांचा त्यांना कंटाळा आणि मला हौस. बाहेरच्या ताटाची किंमत कशी बनते, हे मला त्या वह्यांनी शिकवलं. किराणा एकीकडे. तेलाचे पिपे वेगळे लिहायचे. भाजी कॉटन मार्केटची, तीही पहाटेच्या भावाची, कारण आठ वाजता तीच मेथी दीडपट होते. गॅसची एकोणीस किलोची व्यावसायिक टाकी. घरच्या १४.२ किलोच्या टाकीवर धंदा चालवता येत नाही, पण आजूबाजूला चालतो आणि त्याने भावात फरक पडतो. जागेचं भाडं, विजेचं बिल, दोन मावश्या, डबे पोचवणारा एक पोरगा. आणि वाया जाणारं अन्न. शेवटचा आकडा कोणी विचारात घेत नाही, पण शनिवारी पोरं गावाला गेली आणि आधी कळवलं नाही, तर वीस जणांचा भात उरतो. तो पैसा कुठून तरी काढावाच लागतो.

हॉटेलच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा सांगतात की मेन्यूवरच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालाला जातो. बाकीच्यात भाडं, पगार, वीज, सजावट आणि नफा. मेसमध्ये हे प्रमाण जवळजवळ उलटं होतं. ताटातल्या वस्तूंवरच अर्ध्याहून जास्त पैसा जातो, कारण भिंतींना रंग नाही, पंखे जुने आहेत, आणि वाढायला वन्सं स्वतः उभ्या राहतात. त्यांच्या स्वतःच्या कष्टाचा पगार त्या वहीत कुठेच लिहिलेला नाही. मी एकदा तो लिहायला घेतला तर त्यांनी हात धरला. "वहिनी, तो आकडा लिहिला तर उद्या मेस बंद करावी लागेल." खरं होतं ते. स्वस्त ताट स्वस्त असतं कारण कोणीतरी आपले तास हिशेबात धरत नाही. बहुतेक वेळा ते कोणीतरी म्हणजे बाई असते.

जुलै २०२३ आठवा. टोमॅटो किलोला शंभरीच्या पार गेले होते. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच घेतलेले, मधे भाव वाढवता येत नाही. वन्संनी महिनाभर भाजीला चिंचेचा कोळ वापरला आणि आठवड्यातून दोनदा कढी केली. पोरांनी तक्रार केली नाही, उलट कढीच्या दिवशी भात कमी पडायचा. दुसरी वेळ सप्टेंबर २०२४ ची. केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावरचं ५.५ वरून २७.५ टक्के, रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं, त्यामुळे नवरात्राच्या तोंडावर पिप्याचा भाव चढला. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ते शुल्क होतं, आणि विदर्भात राहून त्याला नाही म्हणणं मला जमणार नाही. पण मेसच्या वहीत खड्डा पडला तो पडलाच. तेव्हा शेजारच्या एका मेसवाल्याने खुलं पामतेल आणायला सुरुवात केली आणि वन्संनाही सुचवलं. त्या म्हणाल्या, "भाजी पातळ केली तर पोरं मला तोंडावर सांगतील. तेल बदललं तर त्यांना समजणारच नाही. जे त्यांना समजणार नाही, ते मी कसं बदलू?"

त्यांनी त्या महिन्यात रविवारचा गोडाचा पदार्थ बंद केला आणि तसं फळ्यावर लिहून टाकलं. तेल तेच ठेवलं.

मला वाटतं, बाहेर खाताना आपण मोजायला हवं ते हेच. काटकसर सगळे करतात, टपरीवाला करतो, मेसवाली करते, चार तारे मिरवणारं हॉटेलही करतं. ती दिसणाऱ्या जागी केली आहे की न दिसणाऱ्या, एवढाच प्रश्न आहे. वाटी लहान केली, गोड बंद केलं, पापड वगळला, तर ग्राहकाला ते कळतं, पटलं तर तो येतो, नाही तर जातो. तेलात, तुपात, पनीरमध्ये, तिखटात केलेली काटकसर ताटात दिसत नाही. तिची किंमत ग्राहक पैशात देत नाही, शरीराने देतो.

तळणाच्या तेलाचं उदाहरण घ्या. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात काही संयुगं वाढत जातात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल तळायला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि बाद झालेलं तेल बायोडिझेलसाठी अधिकृत संस्थेकडे द्यायचं, असंही पुढे ठरलं. नियम चांगला आहे. पण गिऱ्हाइकाच्या हातात मोजायचं यंत्र नसतं, त्याच्याजवळ डोळे आणि नाक असतं. तेल काळपट दिसतंय, वरती बारीक फेस धरून राहिलाय, कढई फार तापलेली नसतानाही धूर येतोय, अशा ठिकाणी मी भजी घेत नाही, मग ती दहा रुपये प्लेट असो की दोनशे. दहा रुपये प्लेटवाल्याची कढई निदान समोर असते. दोनशेवाल्याची भिंतीआड असते.

आता दुसऱ्या टोकाकडे येते. दिरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही सगळे वर्धा रोडवरच्या एका बऱ्या नाव असलेल्या ठिकाणी गेलो होतो. नाव लिहीत नाही. लहानथोर मिळून मोठं टेबल होतं. पोरांनी उत्साहाने पनीरच्या तीन वेगवेगळ्या भाज्या मागवल्या, तिघींची नावं वेगळी, किमती वेगळ्या. पहिला घास घेतल्यावर आम्ही घरातल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागलो. तिन्ही भाज्यांची आई एकच होती. हे काही गुपित नाही. बहुतेक हॉटेलांत कांदा-टोमॅटोची, काजूची आणि मखनी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या भांड्यात करून ठेवतात आणि मागणी येईल तशा त्या एकमेकींत मिसळून वेगवेगळ्या नावाने पाठवतात. शंभर पदार्थ वीस मिनिटांत द्यायचे तर दुसरा उपायही नसतो. पण मग त्या तीन भाज्यांमध्ये दीडशे रुपयांचा फरक कशाचा?

पनीर दाताखाली रबरासारखं करकरत होतं. दुधाची गोडी नव्हती. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेलं, पनीरसारखं दिसणारं जे काही बाजारात येतं ते खऱ्या पनीरच्या साधारण निम्म्या भावाने मिळतं. त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. ते विकणं बेकायदा नाही, पनीर म्हणून विकणं बेकायदा आहे. त्या रात्री आमच्या ताटात काय होतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून आरोपही करत नाही. मी वेटरदादांना विचारलं, "पनीर कुठलं आहे?" ते म्हणाले, "मॅडम, फ्रेश आहे." बिचाऱ्यांना तेवढंच सांगायला शिकवलं होतं.

बिल आलं. ते मी नेहमी वाचते, आणि घरातले त्यावर चिडतात. खाली पाच टक्के जीएसटी होता. तो ठीकच. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना, एसी असो की नसो, पाच टक्केच आहे. त्याआधी एसीला अठरा आणि बिनाएसीला बारा होता. कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणारं, लहान हॉटेल मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, तो त्याने आपल्या खिशातून भरायचा असतो. लहान ठिकाणी बिलावर कर लावलेला दिसला तर मी जीएसटी क्रमांक छापला आहे का ते बघते. पाण्याच्या बाटल्यांचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले होते. त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता, डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना तशी मुभा दिली आहे, बसायची जागा आणि सेवा त्यात धरली जाते म्हणून. आणि एक ओळ होती सर्व्हिस चार्जची, दहा टक्के. ती मी काढून टाकायला लावली. ग्राहकाला न विचारता हा आकार बिलात जोडता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढली, हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वं कायम ठेवली. मॅनेजरनी फार वाद घातला नाही. जेवढी रक्कम कमी झाली, तेवढी मी वाढणाऱ्या दोघांच्या हातात दिली. दिरांना हे सगळं अवघडल्यासारखं वाटलं. मला वाटलं नाही.

पण त्या संध्याकाळचा हिशेब एवढ्यावर मांडला तर तो खोटा ठरेल. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. तिथे पाठीला आधार असलेली खुर्ची होती, दारापर्यंत गाडी जात होती, स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ होतं आणि त्यात धरायला दांडा होता. आम्ही अडीच तास बसलो, कोणी "आणखी काही?" म्हणून उठवलं नाही. सासूबाईंनी दिरांच्या लग्नातली पंगत, बस उशिरा आल्यामुळे ताटकळलेले वऱ्हाडी, सगळं पोरांना सांगितलं. हे घरी झालं असतं तर आम्ही दोघी-तिघी ओट्यापाशी उभ्या असतो आणि त्यातलं निम्मंच ऐकलं असतं. या सगळ्याला पैसे पडतात आणि पडावेत. भाज्यांमधल्या त्या फरकात खुर्चीचे, दिव्यांचे, दांड्याचे पैसे होते. माझी तक्रार एवढीच की ते पनीरच्या नावावर घेतले.

बाईमाणसाच्या बाजूने पाहिलं तर हा प्रश्न आणखी वेगळा दिसतो. सावजीचंच घ्या. नागपूरची ओळख म्हणून जे जेवण सगळीकडे सांगितलं जातं, ते हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं. हातमागावर आणि पुढे गिरण्यांमध्ये राबणाऱ्या माणसांचं. इथली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, तेव्हापासून या शहराच्या एका मोठ्या भागाचा दिवस भोंग्यावर चालायचा. गोळीबार चौक, इतवारी, नंदनवन या बाजूंना घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून सावजी भोजनालयं निघाली. आतल्या खोलीत चूल, तिथे घरातल्या बायका. मटण, खूर, वजरी, सुंडी, आणि शाकाहाऱ्यांसाठी पाटोडी, डाळकांदा, वांगं. आणि बाहेर बसून जेवणारे सगळे पुरुष. माझ्या लहानपणी आमच्या घरी सावजी यायचं ते डब्यातून, वडील आणायचे. चांगल्या घरच्या बायकांनी तिथे बसायचं नाही, असं होतं. रांधणारी बाई आणि तिथे बसून खायला मनाई तीही बाईलाच. नंतर "फॅमिली रूम" आल्या, पडदे आले, मग एसी हॉल आले, आणि ताटाची किंमत चढली. जुने लोक हळहळतात की सावजी महाग झालं, पूर्वीचं राहिलं नाही. चवीबाबत त्यांचं खरं असेल. पण त्या वाढलेल्या पैशांत मला बसायला जागा मिळाली आहे, आणि तेवढ्यासाठी तो वाढीव भाव मला जड वाटत नाही.

सावजीच्या ताटात पैसा कशाला लागतो हे ज्याने तो मसाला घरी केला त्याला ठाऊक आहे. खोबरं, खसखस, धणे, सुंठ, दगडफूल, मिरे, लवंग, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण एकाला लागणारी आच दुसऱ्याला करपवते. मिरची साधी नाही चालत. आमच्याकडे भिवापुरी मिरचीचं नाव आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि कळमन्याच्या बाजारात तिचा भाव विचारून पाहिला की लक्षात येतं, पन्नास रुपयांच्या रश्शात ती असणं शक्य नाही. रंग असेल, झणका असेल, ती नसेल. जुन्या घरांत जवसाचं तेल वापरायचे. आता बहुतेक जागी सोयाबीनचंच असतं. रश्श्यावर बोटभर लाल तवंग दिसला की लोक खूश होतात. मी आधी भाकर नुसती रश्शात बुडवून, मटणाचा तुकडा न घेता खाऊन बघते. घशाला नुसतीच आग लागली आणि जिभेवर मागे काही उरलं नाही, तर मसाला भाजलेला नाही, तिखट ओतलेलं आहे. जिथे मागे खोबऱ्याची आणि दगडफुलाची चव रेंगाळते तिथे मी सांगतील ते पैसे देते.

आणि लांब रोटी. नागपूरबाहेरच्यांना हे दाखवायलाच हवं. लोकवन गव्हाची कणीक इतकी सैल भिजवतात की ती हातात धरवत नाही. ती आपटून आपटून तिला तार आणायची, मग गोळा उचलून दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत खेळवत ताणायचा, आणि उपड्या मडक्यावर अलगद टाकायचा. खाली लाकडाचा जाळ. एका रोटीला मिनिटही लागत नाही, पण ते मिनिट कमावायला बायकांची वर्षं जातात. लग्नाकार्यात, मटणाच्या पार्ट्यांना या बायकांना बोलावतात. रोटीमागे अमुक रुपये असा दर असतो. आणि तिथे लोक घासाघीस करतात! वर्धा रोडवर पनीरच्या बिलापुढे ज्यांनी भुवई उचलली नाही, तेच रोटीवाल्या मावशीला म्हणतात, "एवढ्या रोट्या आहेत, काही तरी कमी करा." हे मी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला मनापासून राग आला आहे. जाळासमोर बसलेल्या त्या बाईचे हात कोपरापर्यंत भाजलेले असतात. आपल्या सगळ्या ताटात मशीनने न होणारी, आधी करून ठेवता न येणारी, दुसऱ्या कोणाला न येणारी एकच गोष्ट ती करते आहे. पैसे कमी करायचे असतील तर मंडपाची झालर कमी करा.

वडाभात, गोळाभात, सांबारवडी यांचंही असंच आहे. हिवाळ्यात सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) स्वस्त असतो, जुडी दहा रुपयांवर येते, म्हणून लोकांना वाटतं वडीही स्वस्त हवी. सांबार निवडणं, धुऊन पंचावर पूर्ण कोरडा करणं, खसखस-खोबऱ्याचं सारण, पारी लाटणं, घडी घालणं, मंद आचेवर तळणं, यात सांबाराचे दहा रुपये कुठे आहेत? मी घरी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी करते आणि बाकी वेळी महाल भागातल्या एका बाईंकडून घेते. त्यांचा नग हॉटेलपेक्षा महाग आहे. त्यात सांबार ठासून भरलेला असतो आणि पारीतून हिरवा रंग दिसतो. हॉटेलच्या वडीत बेसन जास्त.

दहा रुपयांच्या ताटाबद्दल थोडं. २६ जानेवारी २०२० पासून राज्यात शिवभोजन थाळी आहे, दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. ती दहा रुपयांना मिळते, पण सुरू झाली तेव्हा शहरात सरकारने तिची किंमत पन्नास रुपये धरली होती आणि वरचे चाळीस स्वतः द्यायचं ठरवलं होतं. मला हा हिशेब आवडतो, कारण तो उघड आहे. अन्न दहा रुपयांत तयार होत नाही, उरलेले पैसे कोण देतंय ते सांगितलेलं आहे. केंद्रचालकांना ते वेळेवर मिळायला हवेत, नाहीतर ओझं पुन्हा चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईवरच येतं.

घरपोच मागवण्याबद्दल माझं मत फार लांबवत नाही. त्याच हॉटेलची तीच भाजी अ‍ॅपवर बहुतेक वेळा महाग असते, कारण अ‍ॅपचं कमिशन कुठून तरी काढायचं असतं. आणि तर्री-पोहे डब्यात भरून वीस मिनिटं स्कूटरवर फिरवणं हा त्या पोह्यांवर अन्याय आहे. बिर्याणी, डाळ, रस्से टिकतात, ते मागवावेत.

घरात मुलगा मला म्हणतो, "आई, एवढा विचार करून जेवायला गेलं तर जेवणाची मजा काय राहिली?" मजा राहते. जिथे एकदा खात्री पटली तिथे मी मग काहीच विचारत नाही, किंमतही नाही. विचारायचं असतं ते पहिल्यांदा. नव्या ठिकाणी गेलं की मी बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का पाहते, २०२२ च्या जानेवारीपासून तो छापणं बंधनकारक आहे. मेन्यू लहान असेल तर मला बरं वाटतं. आणि मी विचारते, तेल कोणतं वापरता? यावर मिळणाऱ्या उत्तरापेक्षा ते ज्या पद्धतीने मिळतं ते मला जास्त सांगून जातं. वन्संना विचारलं तर त्या हातातलं काम सोडून पिपाच दाखवतात.

मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूची आठ-आठ पानं असतात. भाजीच्या नावाखाली दोन ओळींचं वर्णन असतं, मंद आचेवर शिजवलेली, खास मसाल्यांची. तिथे आणखी एक ओळ मावते. तेल कोणतं, पनीर दुधाचं की नाही, तांदूळ कुठला, तळणाचं तेल कधी बदललं. एवढं लिहायला छपाईचा खर्च वाढत नाही. नागपुरातल्या हॉटेलवाल्यांकडे माझी ही मागणी आहे, आणि ती मी यापुढे प्रत्येक ठिकाणी अभिप्रायाच्या कागदावर लिहिणार आहे. तुम्हीही लिहा. ज्या हॉटेलच्या मेन्यूवर ती ओळ पहिल्यांदा छापून येईल, तिथे एका रविवारी मेसला सुट्टी देऊन वन्संना जेवायला न्यायचं मी त्यांना कबूल केलं आहे.